हवालदार आणि हवालदिल

पानिपतावरच्या भागात मी दोन-तीनदा ‘पॅनिक’ हा शब्द वापरला होता. त्यावर बडोद्याच्या एका श्रोत्याने विचारले, की मराठी मालिकेत हा शब्द कशासाठी? आपल्याकडे शब्द नाही का? प्रश्न रास्त आहे. एका वाक्यात उत्तर देऊन मोकळे होता आले असते, पण शोधायला बसलो आणि प्रकरण वाढत गेले. म्हणून आजचा संपूर्ण भाग त्यालाच.

आधी घरातले शब्द पाहू. मराठी माणूस अचानक घाबरतो तेव्हा त्याच्या काळजात धस्स होते, पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, बोबडी वळते, दातखीळ बसते, हातपाय गळतात, तोंडचे पाणी पळते. बघा, सगळे अवयव आले. डॉक्टरने तपासून लिहून द्यावे तशी ही यादी आहे. काळीज, पोट, घसा, जीभ, जबडा, हात, पाय. आपल्या पूर्वजांनी भीतीची व्याख्या केली नाही, तिची लक्षणे नोंदवली.

दोन वाक्प्रचार मात्र शरीराबाहेरचे आहेत. ‘धाबे दणाणणे’ यातले धाबे म्हणजे मातीचे सपाट छप्पर. देशावर आणि खानदेशात धाब्याची घरे अजून दिसतात. अशा छपरावर धाडधाड पावले वाजू लागली तर खाली झोपलेल्या माणसाचे काय होईल, ते सांगायला नको. दुसरा ‘पाचावर धारण बसणे’. धारण म्हणजे बाजारातला दर. सहसा अशी फोड सांगतात, की रुपयाला मिळणारे धान्य कमी होत होत पाच शेरांवर आले म्हणजे दुष्काळ दाराशी आला. ही फोड खरी असेल, तर या वाक्प्रचारात शत्रू नाही, भूत नाही, वाघ नाही. दाणेवाल्याच्या तोंडून ऐकलेला एक आकडा आहे. मला हा वाक्प्रचार सगळ्यांत खरा वाटतो. मोठ्या भीती बहुतेक वेळा आकड्याच्या रूपानेच येतात.

आता फौजेतला शब्द घेऊ. हवालदार आणि हवालदिल हे शब्द शेजारशेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटतात. मी तरुण अधिकारी असताना मेसमध्ये यावरून विनोद चालायचे. प्रत्यक्षात त्यांचा संबंध नाही. हवालदार हा ‘हवाला’ या अरबी शब्दावरून आला. ज्याच्या हवाली काहीतरी केले आहे, तो हवालदार. शिवकाळात किल्ला त्याच्या हवाली असे, आज जवान असतात. हवालदिल हा मात्र ‘हौल-दिल’. हौल म्हणजे अरबीत दहशत, धडकी. दिल फारसी. हृदयात धडकी भरलेला तो हौलदिल. मराठीत येता येता त्यातला झटका गेला आणि ‘चिंतेने हताश झालेला’ असा सौम्य अर्थ उरला. पाऊस लांबला की शेतकरी हवालदिल होतो, असे आपण वाचतो. मूळ अर्थ मात्र छाती धडधडण्याचा. मुघल दरबारात त्यावर इलाजही होता. जेड दगडाचा ताईत छातीवर बांधत, त्याचे नावच हौलदिली. शाहजहानच्या नावाचा असा एक ताईत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. हिंदुस्तानच्या बादशहालाही धडधड थांबवायला दगड लागत होता.

‘धास्ती’चेही तसेच. दहशत हा शब्द झिजून धास्त झाला, मग धास्ती. पुढे मूळची दहशत पुन्हा वेगळी येऊन बसली आणि तिला ‘वाद’ जोडून दहशतवाद झाला. या एका जोडशब्दासाठी भाषांनी काय काय निवडले, ते देशभर फिरताना कानावर येते. हिंदीत आतंकवाद, बंगालीत संत्रासवाद, तमिळमध्ये भयंकरवादम. गोष्ट एक, पण प्रत्येकाने आपल्या पेटीतला वेगळा शब्द काढला.

त्यातला ‘त्रास’ जरा थांबून पाहण्यासारखा आहे. संस्कृतात त्रास म्हणजे दचकवणारी, क्षणात अंगावर येणारी भीती. भरताच्या नाट्यशास्त्रात ३३ व्यभिचारी भाव सांगितले आहेत, त्यात त्रास आहे. वीज कडाडली, उल्का पडली, की होतो तो त्रास. पुढच्या साहित्यशास्त्र्यांनी भय आणि त्रास यांच्यात फरकही केला. मागचा-पुढचा विचार करून वाटते ते भय, आणि विचाराला वेळच न देता येतो तो त्रास. म्हणजे ‘पॅनिक’ला लागणारा नेमका शब्द आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच होता. मराठीने त्याचे काय केले? शेजाऱ्याच्या टीव्हीचा त्रास, गुडघ्याचा त्रास, सुनेचा सासूला त्रास. विजेचा कडकडाट होता, त्याची कुरकुर झाली.

‘पॅनिक’ ग्रीकांचा. अर्केडिया नावाच्या डोंगराळ प्रदेशातला पॅन हा बोकडाच्या पायांचा देव. निर्जन रानात एकट्या माणसाला उगाच दचकायला होते, ते पॅनमुळे अशी समजूत. इ. स. पूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या लढाईआधी स्पार्टाला धावत गेलेल्या निरोप्याला वाटेत पॅन भेटला, आणि युद्धानंतर अथेन्सकरांनी अक्रोपोलिसच्या पायथ्याशी त्याचे स्थान उभारले, असे हेरोडोटस लिहितो. पुढच्या ग्रीक लेखकांत हा शब्द लष्करी झालेला दिसतो. छावणीत रात्री, काही कारण नसताना, सगळ्यांना एकदम सुटणारी भीती म्हणजे पॅनिक. ‘कारण नसताना’ आणि ‘सगळ्यांना एकदम’ या दोन अटी महत्त्वाच्या. एकट्याची भीती पॅनिक नव्हे.

याचा सगळ्यांत चांगला किस्सा झेनोफोनने लिहून ठेवला आहे. इ. स. पूर्व ४०१. सुमारे १० हजार ग्रीक भाडोत्री सैनिक आजच्या इराकमध्ये अडकले आहेत. ज्याच्यासाठी लढायला आले तो राजपुत्र सायरस मारला गेला आहे आणि चारी बाजूंना शत्रू आहे. रात्री छावणीत एकदम गोंधळ उठतो, आरडाओरडा, पळापळ. सेनापती क्लिआर्कस काय करतो? त्याच्याजवळ टोल्मिडीस नावाचा खड्या आवाजाचा दवंडीवाला होता. त्याच्याकरवी तो जाहीर करतो, की ज्याने हत्यारांच्या रांगेत गाढव सोडले, त्याचे नाव सांगणाऱ्यास चांदीचा एक टॅलंट इनाम. बस्स. छावणी शांत झाली.

मी हा किस्सा कित्येक तुकड्यांना सांगितला आहे, कारण यात सगळे आहे. भीतीला कारण नव्हते म्हणून ती पसरत होती. क्लिआर्कसने तिला एक कारण दिले, आणि तेही हसू येईल असे. दुसरे, दवंडी ऐकताच सैनिकांना कळले की सरदार जिवंत आहेत, जागे आहेत आणि इनामाच्या गोष्टी करताहेत. तिसरे म्हणजे त्याने ‘घाबरू नका’ असे म्हटले नाही. ‘घाबरू नका’ हे वाक्य मी अनेक ठिकाणी ऐकले. त्याने शांत झालेला माणूस मला आजवर भेटलेला नाही.

अंधारात एका मोर्च्यातून एक गोळी सुटली की शेजारचा मोर्चा दोन झाडतो, त्याच्या शेजारचा दहा, आणि पाच मिनिटांत सगळी डोंगरसोंड पेटते. सकाळी पुढे जाऊन पाहावे तर मेलेले खेचर. हे जगातल्या प्रत्येक सैन्यात घडते. म्हणून आपल्या १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टमध्ये, कलम ३४ खाली, युद्धकाळात जाणूनबुजून खोटा इशारा उठवणे आणि घबराट पसरवणाऱ्या बातम्या देणे हा मृत्युदंडापर्यंत शिक्षा असलेला गुन्हा आहे. मराठीत अशा खोट्या इशाऱ्याला जुना, छोटा, नेमका शब्द आहे तो म्हणजे हूल. हूल उठते, हूल देतात. आणि नुसत्या बातमीची असेल तर आवई. आपले पूर्वज घोड्यावर बसून लढणारे, त्यांना हूल देणेही माहीत होते आणि हुलीने उधळणेही.

आता पानिपत. १४ जानेवारी १७६१. अडीच महिने छावणी कोंडलेली, रसद तुटलेली, माणसे आणि जनावरे उपाशी. सोबत बुणगे, म्हणजे बाजारकरू, नोकरचाकर, यात्रेकरू, कुटुंबे. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी सकाळी रोहिल्यांची फळी मोडत आणली होती. काशीराज हा मूळचा दख्खनी माणूस शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि समोरच्या बाजूने सगळे पाहत होता. त्याने पुढे फारसीत हकिगत लिहिली. तिच्यावरून दिसते, की दुपारपर्यंत अब्दालीची बाजू डळमळत होती आणि त्याचे लोक मैदान सोडून छावणीकडे सटकू लागले होते.

इथे अब्दालीने जे केले, ते आपल्या बखरींच्या हळहळीत हरवून जाते. त्याने नसकची पाठवले. नसकची म्हणजे सैन्यात शिस्त राखणारे शिपाई. पळून आलेल्यांना हाकून परत रणात पाठवा, ऐकत नाही त्याला तिथेच कापा, असा हुकूम. आधुनिक सैन्यात मागे भरकटलेल्या शिपायांना अडवून पुन्हा पुढे धाडण्याची ठाणी असतात, तेच हे. म्हणजे त्या दिवशी भीती दोन्ही सैन्यांत होती. एका बाजूला तिला अडवायला माणसे नेमलेली होती, दुसऱ्या बाजूला नव्हती.

मग विश्वासरावांना गोळी लागली. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. अंबारी रिकामी दिसली. क्लिआर्कसची दवंडी आठवा. सेनापती जिवंत आहे, एवढे सांगणारा एक खडा आवाज तिथे हवा होता. पण कोसभर पसरलेल्या, तोफांच्या धुरात लढणाऱ्या फौजेला सेनापती कळत होता तो फक्त त्या अंबारीवरून. काशीराज लिहितो, की पाहता पाहता सगळी फौज पाठ फिरवून निघाली. तासन् तास उपाशीपोटी लढलेली माणसे होती ती, भित्री नव्हेत. म्हणून मी ‘पॅनिक’ म्हटले. ‘पळपुटेपणा’ म्हणायला मी तयार नाही, आणि ‘पराभव’ म्हटले तर ते शेवटचे क्षण सांगितले जात नाहीत.

मराठीने त्या क्षणांसाठी ठेवलेले शब्द बघा. दाणादाण, पांगापांग, पळापळ, वाताहत. पोत्यातून दाणे सांडावेत तशी फौज, म्हणून दाणादाण. एकट्याची भीती सांगताना आपण शरीर मोजतो, समूहाची सांगताना विखुरणे मोजतो. समूहाच्या मनात काय झाले, याला शब्द नाही. घबराट हा त्यातल्या त्यात जवळचा.

आणि ‘गर्दी’. आज गर्दी म्हणजे लोकलची गर्दी, दिवाळीतल्या बाजाराची गर्दी. जुन्या मराठीत गर्दी म्हणजे दंगल, कापाकापी, विध्वंस. एखाद्याला ‘गर्दीस मिळवणे’ म्हणजे त्याचा नायनाट करणे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, त्या प्रकारालाही गर्दीच म्हणत. ‘भाऊगर्दी’ हा शब्द लोक पानिपतच्या भाऊंशी जोडतात. आता लग्नाच्या पंगतीतही भाऊगर्दी होते. शब्द असे निवतात.

इथवर आपण घाबरणारे होतो. पण मंडळी, मी काही वर्षे पूर्वेकडे होतो आणि तिथे हा शोध उलटा फिरला. बंगालीत लहान मुलांना झोपवायचे एक अंगाईगीत आहे. मूल झोपले, आळी शांत झाली आणि ‘बर्गी’ आले, अशा आशयाचे. बर्गी म्हणजे आपला बारगीर. ज्याला सरकारातून घोडा मिळतो तो बारगीर, स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार. आपल्याकडे हा निव्वळ आस्थापनेचा शब्द, आज पगारपत्रकात शोभेल असा. बंगालमध्ये तो बागुलबुवा झाला.

१७४२ पासून १७५१ पर्यंत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगाल-ओरिसात जात राहिल्या. भास्करराम कोल्हटकर यांना १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भेटीला बोलावून मारले, हे आपण शाळेत दगा म्हणून शिकतो. १७५१ च्या तहाने ओरिसा आणि बंगालची १२ लाखांची चौथाई मिळाली, हेही शिकतो. पण त्याच काळात गंगाराम नावाच्या कवीने बंगालीत जे काव्य लिहिले, त्यात गावे जळतात, माणसे गाठोडी घेऊन पळतात, बायकांवर अत्याचार होतात. त्या काव्याचे नाव ‘महाराष्ट्र पुराण’. कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी आणि कंपनीने घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो मराठा डिच. मराठे तिथवर आलेच नाहीत आणि खंदकही पुरा झाला नाही. पुढे कलकत्तेकर इंग्रजांना त्यावरून टोपणनाव पडले ते डिचर.

बंगालमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हे ठाऊक असते. महाराष्ट्रात सांगितले की लोक अस्वस्थ होतात. मुघलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत, हे आपण अभिमानाने सांगतो. बंगाली आईलाही काही दिसत होते. दोन्ही एकाच इतिहासातले आहे आणि मी दोन्ही सांगणार.

चेन्नईत तर एका जहाजाचे नाव शब्द होऊन बसले आहे. २२ सप्टेंबर १९१४ ची रात्र. पहिले महायुद्ध सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. ‘एम्डन’ ही जर्मन क्रूझर मद्रासच्या किनाऱ्याजवळ आली, सर्चलाइट टाकून तिने बर्मा ऑइल कंपनीच्या तेलटाक्या हेरल्या आणि अर्ध्या तासात सव्वाशेच्या आसपास गोळे टाकून निघून गेली. टाक्या पेटल्या, मोजकी माणसे मेली. लष्करी हिशोबात नुकसान किरकोळ. हायकोर्टाच्या आवाराच्या भिंतीवर त्याचा एक फलक आहे, तेवढाच. पण दुसऱ्या दिवसापासून शहर रिकामे होऊ लागले. रेल्वे स्थानकावर झुंबड, बैलगाड्या, पायी जाणारे लोक. कॅप्टन फॉन म्युलरला टाक्यांपेक्षा हेच हवे होते. ब्रिटिश आपले रक्षण करू शकत नाहीत, हे लोकांना दाखवायचे होते. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांजवळ ‘सिडनी’ या ऑस्ट्रेलियन क्रूझरने एम्डन निकामी केली. जहाज गेले, शब्द राहिला. तमिळमध्ये ‘एम्डन’ म्हणजे पक्का, बिलंदर, कोणाला न जुमानणारा माणूस. तमिळ शेजारी असलेल्या श्रोत्यांनी विचारून पाहावे. भीतीचा शब्द शंभर वर्षांत कौतुकाकडे कसा झुकतो, ते ऐकायला मिळेल.

१९४२ ची गोष्ट वेगळी. ६ एप्रिलला जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. मद्रासमध्ये सरकारनेच कचेऱ्या आत हलवल्या, प्राणिसंग्रहालयातले हिंस्र प्राणी गोळ्या घालून मारले. सरकार स्वतः सामान बांधताना दिसले तर लोकांनी काय करायचे? त्यांनीही बांधले. कागदोपत्री मात्र घबराट लोकांचीच लागते.

आणि म्हणूनच ‘घबराट’ हा शब्द मी जपून वापरतो. हिंदीत ज्याला भगदड म्हणतात, त्याला आपण चेंगराचेंगरी म्हणतो. हिंदी शब्द पळण्यावरून झाला आहे, मराठी शब्द चेंगरण्यावरून. माझ्या मते मराठी शब्द अधिक खरा आहे, कारण अशा बहुतेक घटनांत पळायला जागाच नसते. २९ सप्टेंबर २०१७, मुंबईचे एल्फिन्स्टन रोड स्टेशन. पाऊस आला, खालचे लोक पुलावर चढले, गाड्यांतून उतरणारे येतच राहिले, आणि त्या अरुंद जिन्यावर २३ माणसे मेली. फुलांची टोपली पडली तेव्हा कोणीतरी ‘फूल गिर गया’ म्हणाले आणि लोकांनी ‘पूल गिर गया’ ऐकले, असे एका जखमी साक्षीदाराने सांगितल्याचे वर्तमानपत्रांत आले. हूल कशी उठते याचे याहून नेमके उदाहरण मिळणार नाही, आणि मोह होतो तो इथेच थांबण्याचा. एका अक्षराने २३ बळी, असा मथळाही तयार होतो. पण त्याच शब्दांनी मोकळ्या मैदानात कोणी मेले नसते, चार लोक धावले असते आणि मग हसले असते. तिथे श्वास घ्यायला जागा नव्हती. त्या स्टेशनला मोठा पूल हवा, ही मागणी प्रवासी आधीपासून करत होते.

नवा पूल नंतर फौजेने बांधला. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सनी बेली पद्धतीचा पोलादी पूल उभा केला आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला तो खुला झाला. नागरी काम लष्कराने करावे का, यावर तेव्हा वाद झाला आणि आक्षेपात तथ्य होते. सीमेवरच्या ओढ्यांसाठी असलेला हा पूल परळच्या कचेऱ्यांत जाणाऱ्या लोकांसाठी पाच महिन्यांच्या आत उभा राहिला. स्टेशनाचे नाव आता प्रभादेवी आहे.